एकाच इसमाची नावे

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली
माझं टेबल, माझा संगणक
(ळ दाबला की दोनदा उमटतो),
आणि बॅटरीवरचा एक पंखा,
जो माझ्यापेक्षा कागदांनाच जास्त वारा घालतो.
मे महिना. डांबर चपलेला सोडत नाही.

मंजूषा बारापात्रे आज तिसऱ्यांदा आली,
आयसीयूतली रात्रपाळी संपवून सरळ इथेच.
"ताई, अर्ज परत आला.
ते विचारून राहिले, तुम्ही नक्की कोण?"

मी कागद पसरले, त्यांच्यावर गिट्टीचे खडे ठेवले.
जन्माच्या दाखल्यावर नुसतं : स्त्री. जिवंत.
नावाची जागा कोरी.
महापालिकेला तेव्हा एवढीच खात्री होती.
शाळेच्या दाखल्यावर मंजुषा, जु ऱ्हस्व,
जन्म एक जून,
कारण पाचपावलीच्या त्या गुरुजींनी
अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता.
नर्सिंगच्या प्रमाणपत्रात मधे वडील,
पासपोर्टात मधे नवरा,
इंग्रजीत कुठे एक यू, कुठे दोन ओ,
आणि आडनाव आधी की शेवटी
यावर दोन खिडक्यांची दोन मतं.

लाइपझिगच्या दवाखान्याला घाई आहे.
करार आला. पगार ठरला. खोलीसुद्धा ठरली,
खिडकीतून ट्राम दिसते म्हणे.
बी-टूची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली,
"कुठे दुखतं?" हे ती आता जर्मनमध्ये
तीन तऱ्हांनी विचारू शकते :
आदरानं, घाईत, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला.
नवरा स्पेअर पार्टच्या दुकानात बसून
डेर, डी, डास घोकून राहिला,
कारण त्याच्याही व्हिसाला एवढं तरी यावं लागतं.
सगळं झालं.
ती तीच आहे, एवढंच राहिलं.

मग मी नेहमीचं टाइप करते :
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील सर्व नावे एकाच इसमाची असून
सदर इसम मी स्वतः आहे.
"इसम म्हणजे बाईसुद्धा ना?"
कायद्यात, हो.

काल एक वेल्डर आला होता, दम्मामला निघालेला.
वीस वर्षांच्या ठिणग्यांनी बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या,
मशीन त्याला ओळखेना.
हात धुऊन या, म्हणाले. तेल लावून या, म्हणाले.
त्याच्यासाठी काय टाइप करावं
मला सुचलं नाही.
चहाचे पैसे त्यानंच दिले.

नोटरी धकाते वकील जेवायला गेलेले.
आम्ही दोघी थांबलो.
ती विचारते, "ताई, तिकडं जाऊन आणखी काही बदललं,
तर मग पुन्हा करावं लागन का हे?"
मी म्हटलं, बघू.
माझं नाव कुमुद होतं.
तांदळाच्या ताटात अंगठीनं कुणीतरी वसुधा लिहिलं,
सगळ्यांनी पेढे खाल्ले,
आणि त्या दोघी एकच आहेत का
हे मला आजवर एकाही खिडकीनं विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मी किती वेळ घेतला असता, कोण जाणे.

शिक्का बसला. तीन ठिकाणी सही,
प्रत्येक वेळी ती जरा थांबली,
जणू आठवून लिहीत होती.
कागद प्लास्टिकच्या फाइलीत गेला,
फाइल ओढणीत, कारण डिकी तापलेली.

व्हिसाच्या फोटोत चेहरा उघडा लागतो, दोन्ही बाजूंनी.
पण हे नागपूर, आणि दुपारचा दीड.
तिनं रुमाल बांधला, नाकावरून, कानांवरून, मानेमागे गाठ,
वर काळा चष्मा, हातांत पांढरे मोजे.
आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला
तश्शाच तिघी उभ्या होत्या, तशाच स्कूटरवर.
त्यांतल्या एकीनं हॉर्न दिला.

मी तिघींकडे बघून हात केला.