दुसरी चावी

पंप सहा. चार चालू, दोन राखीव.
आधी एवढंच मांडते मी पडद्यावर,
सहा चौकोन, आणि त्यांच्यावर
बिघाडाचं झाड,
मूळ वर, फांद्या खाली,
पानोपानी एकेक बारकं मरण:
बेअरिंग, गॅस्केट, रिले, भरतीचं पाणी.

मग बीज.
सॉफ्टवेअरला एक आकडा लागतो, कुठलाही,
त्यावरून ते सगळे फासे टाकतं.
मी आमच्या जुन्या गॅसच्या पुस्तकाचा नंबर देते.
तेच पेरलं की तेच उगवतं,
तीच वर्षं, त्याच रात्री, तोच पंप.
दहा हजार वर्षं अठ्ठेचाळीस सेकंदांत,
तेवढ्यात चहा धड निवतही नाही.

दहा हजार वर्षं शिवडी कोरडी राहिली.
मला ते पटेना.

दुरुस्तीला वेळ किती, असा एक रकाना असतो.
केंद्रावरून आलेल्या रजिस्टरात
सगळीकडे एकच अक्षर, एकच उत्तर.
मार्च असो, मे असो, गौरी जेवायच्या दिवशी असो,
चार तास.

म्हणून उदंचन केंद्रावर गेले.
ओहोटी होती, चिखलाचा वास थेट घशात.
फिटर घरत कापडाला हात पुसत बाहेर आले.
"चारच तास लागतात ओ मॅडम.
चावी मिळाल्यापासून."

सुटे भाग कपाटात. कपाट भांडारखोलीत.
खोलीला कुलूप, चावी भोइटेसाहेबांच्या कमरेला,
आणि भोइटेसाहेब टिटवाळ्याला.
रविवारी फोन बंद.
जप असतो त्यांचा.

मी झाडाला एक फांदी जोडली: चावी.
आलेखाला लगेच दुसरं कुबड आलं.
शेजारच्या टेबलावरून वर्टी म्हणाला,
"ते टोकाचे आकडे काढ ना, देखणा दिसेल."
नाही काढले.
तेच बीज टाकलं, चहाला हात लावला नाही.

सात हजार तीनशे बाराव्या वर्षी
एक लाल ठिपका.
ऑगस्ट, अमावास्येची भरती, वार रविवार.
तीन नंबर आधीच उघडून ठेवलेला,
राखीव सहा नंबर उठलाच नाही,
आणि रात्री दोन दहाला पाच नंबर गेला.
त्या वर्षात कोणी राहत नाही, ठाऊक आहे मला.
तरी ठिपक्यावर कर्सर ठेवून बसून राहिले,
कुणाच्या दारी जावं
आणि काय बोलायचं ते सुचू नये, तशी.

अहवाल एकशे बारा पानांचा झाला.
शिफारस क्रमांक सतरा:
भांडारखोलीची दुसरी चावी करून केंद्रावर ठेवावी.
अंदाजे खर्च रुपये साठ.
बैठकीत कोणीतरी ते मोठ्यानं वाचलं.
सगळे हसले. मीही हसले,
तेवढं अजून टोचतं.
"एवढी फी मोजून हे?"
सतरावर रेघ पडली, अठरावी सतरावी झाली,
आणि जेवणात बासुंदी होती.

दिवाळीनंतर कंपनाचे सेन्सर बसवायला गेले
तर भिंतीवरच्या घड्याळामागे, खिळ्याला, चावी.
पितळेची. दातांत अजून कानशीचा चुरा.
मी बघतेय हे घरतांनी बघितलं.
"ह्या कानाचं त्या कानाला नको, मॅडम.
आणि साठ नाही, ऐंशी घेतले त्यानं.
चहाच्या वर्गणीतून दिलेत."

त्या रात्री घरून पुन्हा चालवलं.
चावीच्या फांदीवर लिहिलं: शून्य तास.
बीज तेच.
सात हजार तीनशे बारा आलं, ऑगस्ट आला,
तीच भरती, तोच रविवार,
तीन उघडा, सहा झोपलेला,
दोन दहाला पाच गेला.
सहा दहाला पाच चालू.
पाणी खालच्या पायरीला लागून मागे फिरलं
आणि यादी पुढच्या वर्षाला सरकली.

यातलं काही कुठल्या रजिस्टरात चढायचं नाही.
मी माझी प्रत काढली,
रेघ मारलेल्या सतराच्या ओळीत
साठ खोडून
ऐंशी लिहिले.