तिसऱ्या मिनिटाला

सकाळी सात-दहाला हे बोटाला सुई टोचून घेतात.
एकशे ब्याऐंशी.
आकडा जातो खताच्या हिशोबाच्या वहीत,
उलट्या बाजूने, कारण सुलटी बाजू
शेत विकलं त्या वर्षी संपली.

मग ओमियाहून मुलीने पाठवलेली डबी.
झाकणावर एक सडपातळ बाई, कमरेला टेप,
हसते अशी, की कधी जेवलीच नसेल.
एक चमचा पांढरी भुकटी, मोठा पेला पाणी,
आणि पटकन. दुसऱ्या मिनिटाला पाणी जड होतं,
तिसऱ्याला चमचा उभा राहतो, कुणी न धरता.

"कशाची गं ही?"
मी चष्मा लावून वाचलं. कोन्याकू.
हे पेल्याकडे बघतच राहिले.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात.
विकतं की.
तीन हजार दोनशे येनला साठ चमचे.

पन्नास वर्षं हेच कंद लावले आम्ही
शिमोनिताच्या उतारावर. वसंतात पुरायचे,
शरदात उकरायचे, थंडीभर माळ्यावर
आजाऱ्यासारखे उबेत ठेवायचे, पुन्हा पुरायचे.
तीन वर्षं असं. हाताची खाज झोपेतही जायची नाही.
दळताना हलकं पीठ उडायचं,
पापण्यांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर, पाळण्यात;
जड तेवढं खाली राहायचं.
त्या जडालाच भाव.

सासूबाई सांगायच्या, लढाई संपली त्या हिवाळ्यात
भात नव्हता. कोन्याकूचे काप उकडून
पोरांपुढे ठेवायच्या, रात्र निघावी म्हणून.
पोट भरायचं, अंगी काही लागायचं नाही.
"भुकेला चकवलं," म्हणायच्या, आणि पुढे बोलायच्या नाहीत.
त्या पोरांतलं धाकटं आता माझ्यासमोर
पेला रिकामा करून ओठ पुसतंय.

डॉक्टर नाकाझावा म्हणतात, गोळ्या चालूच ठेवा,
ही भुकटी म्हणजे जादू नाही,
आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर घशात बसेल.
ह्यांनी मान लववली, अगदी आदराने.
जन्मभर पाठीवर कंद वाहिलेल्या माणसाला
सांगतात, घशात बसेल.

पडवीतल्या कुंडीत एक कंद राहून गेला होता.
यंदा त्याला तुरा आला, काळपट जांभळा, माझ्या खांद्याएवढा,
मेलेल्या उंदराच्या वासाचा.
फुलू दिला तर कंद आतून रिता होतो, म्हणून
कोंब दिसताच छाटायचो आम्ही, न चुकता.
मी कोयता आणला.
हे म्हणाले, राहू दे.

खिडकी लावून घेतली मी. ह्यांनी उघडली.
अर्धी वाटी भात
त्या वासातच जेवले, सावकाश.