उत्पन्नाचा दाखला

अमळनेर. सेतू केंद्र. साडेअकरा.
पंखा माझ्यापेक्षा जास्त कागद हलवतो.

खिडकीशी वेणूबाई बोरसे.
सून श्रावणात तेलगिरणीवर लागली
आणि घर रेषेच्या वर गेलं,
वर्षाला चार हजारांनी.
नातवाची फीमाफी त्या चार हजारांत बुडाली.
फी मात्र अकरा हजार.

"कुटुंबात किती?"
"छप्पर एक शे भाऊ, चुल्हा दोन."
माझ्या पडद्यावर चुलीला रकाना नाही.
थोरला तिकडे वेगळा, ह्या इकडे;
मी दोघांची कमाई एका ओळीत बेरजेला लावतो.

तिनं पिशवीतून कपड्यांचा साबण काढला.
"हाऊ लिधा तवय कोनी इचारं नही,
घरमा खानारा कितला."

वेष्टनावर किंमत, सर्व करांसहित.
मी उगाच वजनही वाचलं.

दाखला छापला. पावती दिली.
तिनं ती लांब धरली, जवळ आणली,
तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.
"येनावर बी?"
"हो."

मागच्यानं खोकून दाखवलं.
तिनं चंचीतले सुटे मोजले,
एक रुपया कमी पडला.
मी टाकला माझ्या खिशातला,
आणि पुढचं नाव पुकारायचं राहूनच गेलं.