वर येण्याआधी

पहिले दोन दिवस काहीच करू नकोस.
जमणार नाही, ठाऊक आहे मला,
रजा मोजून आणली असशील.
तरी जिना चढताना मध्येच थांब
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्यासारखं दाखव.
इथे नवखे सगळे तेच करतात.
माझं पहिल्या आठवड्यात
एका सिमेंटच्या दुकानाचं अख्खं वर्ष पाठ झालं होतं.

डोकं दुखेल. कोकाची पानं गालात धर,
कडवट लागली तरी थुंकू नकोस लोकांसमोर.
पण रात्री छातीत घुरघुर झाली,
बसल्या जागी धाप लागली,
तर पानं नकोत, चहा नको, मर्दुमकी तर मुळीच नको.
उतर.
अंधार असला तरी, पैसे भरलेले असले तरी उतर.
डोंगराला कुठे जायचंय?

शंभराची नोट खालीच मोडून ये.
वर ती कौतुकानं उजेडात धरून बघतात
आणि परत देतात.

कोंबी सहाला सुटते, म्हणजे भरली की सुटते.
टपावर मेंढी असेल, तुझ्या मांडीवर कुणाचं तरी मूल.
मूल घे. मेंढीबद्दल विचारू नकोस.

वाट विचारलीस तर म्हणतील, ‘आकिसितो नोमास’,
इथंच तर आहे.
शब्द ऐकू नकोस, हनुवटी बघ.
बोटानं दाखवलं तर खरंच जवळ.
हनुवटी जरा वर गेली, तर दुपारचं जेवण बांधून घे.
फोर्तुनातो रुरुशची हनुवटी
एकदा आभाळाकडेच गेली होती.
आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो.

कुत्री अंगावर आली की वाक, दगड उचलतोयस असं.
दगड नसला तरी चालतो,
वाकणं खरं हवं.
(मी मराठीत ओरडते.
सतरा वर्षांत माझ्याशी मराठीत
तेवढीच भांडलीत.)

फेब्रुवारीत येऊ नकोस. रस्ते नदीला जाऊन मिळतात.
आलासच तर रात्रीची बस टाळ.

आणि एखाद्या सकाळी रस्त्यावर धोंडे मांडलेले असतील,
टायर जळत असतील, बायका ओळीनं बसलेल्या.
तुझं विमान, तुझं आरक्षण, काही सांगू नकोस.
वर खाण आहे. त्यांचं पाणी गेलंय,
तुझी फक्त बस.
बस तिथेच, काठावर.
दुपारी बटाट्याचं सूप फिरतं, तुझ्यापर्यंतही येईल.
कुणी पेला पुढे केला
तर पहिला घोट जमिनीला.
ती आधीपासून तहानलेली आहे.

आता शेवटचं, आणि हे कुठल्याच नकाशात नाही.
एर्मेलिंदाबाईंच्या घरी उतरशील.
दोन खोल्या, जाड घोंगड्या, चुलीजवळ गिनिपिग.
त्यांचा फोटो काढशीलच, सगळे काढतात.
त्या आधी आत जाऊन टोपी बदलून येतील, थांब तेवढा.
मग तुझ्या तोंडून निघेल, ‘पाठवीन हं.’

हे एवढं म्हणू नकोस.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक डबा आहे,
त्यात चिठ्ठ्या: कुणी, कुठल्या देशाचं,
काय पाठवतो म्हणालं.
वाचता येत नाही त्यांना, नातीकडून लिहून घेतात.
दर महिन्याला बाजाराच्या दिवशी
माझ्या टपालपेटीशी येतात,
भाव विचारावा तसं विचारतात, ‘आलं का काही?’

मी अकरा दिवसांसाठी आले होते.
त्या डब्यात तळाशी एक चिठ्ठी आहे,
माझ्या नावाची, चुकीच्या स्पेलिंगची.
मी परत जाऊन पाठवणार होते.

फोटो मी दिला नंतर, हातात.
त्यांनी बघितला, चौकटीत लावला.
चिठ्ठी मात्र काढली नाही.
म्हणाल्या, तू अजून गेली कुठेस?