लंगडी टिटवी

एकोणीस वर्षांमागे उद्यमबागेत, हुंदऱ्यांच्या पत्र्याखाली
पोलादी ठशावर मी टिटवी कोरली.
अगदी शेवटाला छिन्नी घसरली,
डावा पाय राहिला अर्धाच.
हुंदरे म्हणाले, राहू दे की रे भरमा,
लोखंडाला चिकटून बसायचंय तिला, पळायचंय कुठे.

तेव्हापासून प्रत्येक व्हॉल्व्हच्या कुशीवर
एका ठोक्यात एक.
हुबळीला गेली, इचलकरंजीला, आणखी कुठे कुठे,
पन्नास टनी प्रेसच्या पोटात
तेल अडवून उभी राहिली
दीड पायावर.

कोर्टात टेबलावर दोन व्हॉल्व्ह ठेवले.
शिरस्तेदाराने कन्नडात नाव विचारलं,
वकीलबाईंनी इंग्रजीत बरंच काही वाचलं,
मग मराठीत, हळूच : बघून सांगा की ओ, खरा कुठला.
मी चष्मा पुसला.
एक टिटवी दोन्ही पायांवर उभी होती,
चोच रेखीव, पिसं मोजून घ्यावीत अशी.
ही खोटी, म्हणालो.
कशावरून?
चांगली आहे म्हणून.

मागे कुणीतरी हसलं.
परशा सायनेकर हसला नाही.
समोरच्या बाकावर मान खाली, नखांत अजून ग्रीस.
सहा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर
छिन्नी धरायला शिकला तो,
अंगठा कुठे टेकवायचा ते मीच सांगितलेलं.
मच्छेच्या शेडमध्ये, रात्री, चोरून ठसा कोरताना
माझी चूक त्याला बघवली नसणार.
पाय पुरा करून दिला पोरानं.

निकाल लागला : साडेअकरा लाख.
नावाची झीज भरून द्यायची, माल मोडीत काढायचा.
टिटवीनं समुद्र आटवला, म्हणत
हुंदऱ्यांनी कुंदा वाटला.

निंगाप्पा मुचंडी दाराशी उभा होता.
दोन पायांची टिटवी फुटली ती त्याच्या प्रेसवर.
तापलेलं तेल. मांडीपासून खाली.
उजवा पाय. टिटवीचा डावा.
म्हणाला, मिस्त्री, माझं काय लिवलंय त्यात?
एकतीस पानं. मी चाळल्यासारखं केलं.
झीज नावाची होती,
तो दाव्यात नव्हताच.
कुंदा त्याने कागदात बांधून घेतला, पोरीला.

मंगळवारी जप्तीचा माल घणाने फोडला.
भंगारवाल्याकडून किलोने फिरून
आमच्याच भट्टीत आला.
एक तुकडा वर तरंगला, लाल, त्यावर अख्खं पाखरू,
मग आत गेला.
परशाला सांगायला हवं होतं,
पाय शेवटपर्यंत दिसत होता.

शुक्रवारी घासून-कापून
एकशेचाळीस नग बाकावर आले.
तेच लोखंड.
पहिल्यावर ठसा मारला,
अंगठ्याने चाचपला पाय.
अर्धा.
बरोबर.