एक्कावन्न मिलिमीटर

शहाद्यात माझं दुकान. सबमर्सिबल, स्टार्टर, केबलजोड.
खोली म्हणजे माझ्या लेखी फूट:
साडेपाचशे, सहाशे, सातशे वीस,
मोटार खाली सोडताना दोर तळहातात जळत जातो
आणि मालक विचारतो, लागलं का?
पाणी वर आणि गाव खाली
असं गणित मला कोणी घातलं नव्हतं.

धडगावहून घाट उतरून नर्मदेवर गेलो
दवाखान्याच्या बोटीला सेन्सर बसवायला.
पिशवीत ड्रिल, गोल करवत, सीलंटच्या दोन नळ्या,
फडक्यात कळण्याची भाकर.

वळवी सिस्टर म्हणाल्या, चैत्रात
बाळंतीण बोटीत आणि पंखा झाडात.
पाण्याखाली साग उभाच होता,
तोडायचा राहून गेलेला.
दीड तास, म्हणाल्या.
पुढचं बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

तीन प्रकार नेले होते.
एक मागच्या फळीवर लावायचा, स्वस्तातला,
पंख्याच्या फेसात आंधळा होणारा.
एक आतूनच चिकटवायचा.
फायबरच्या पोटातून त्याची हाक खाली जाते,
पण डिंकात हवेचा एक बुडबुडा राहिला तर बहिरा,
आणि वेग त्याला कळतच नाही.
तिसरा आरपार.
त्याच्या पोटाशी करंगळीच्या नखाएवढं चाक,
पाणी त्याला फिरवतं, तो वेग सांगतो, तळही सांगतो.
फक्त त्याला भोक लागतं.

जात्र्या पावरा, बोट त्याच्या हातातली.
बराच वेळ त्यानं सेन्सर उलटापालटा केला.
"बोट बुडू नये म्हणून
बोटीला भोक पाडणार तू?"
हो म्हणालो.
दुसरं वाक्य सुचलं नाही.

बोट काठावर ओढली, ओंडक्यांवर कलती केली.
पंख्यापासून लांब, पुढे, जिथं पाणी अजून शांत असतं
तिथं त्यानंच बोट ठेवलं. मी पेन्सिलीने फुली मारली.
आधी बारीक भोक, मग करवत.
पांढरा भुगा त्याच्या केसांत, माझ्या पापण्यांवर.
निघालेली चकती त्यानं पुसली आणि खिशात टाकली.
तळ तिरका, म्हणून खाली लाकडाची पाचर,
सीलंट, नट हातानेच, मग पान्याने अर्धा फेरा, जास्त नाही.
दोन रात्री सुकू दिलं.
दोन्ही रात्री तो उठून
आतून भोकावर हात फिरवून आला.

तिसऱ्या दिवशी पाण्यात. आत थेंब नाही.
पडद्यावर आकडे: चार, नऊ, सोळा.
जात्र्या पडद्याकडे बघत नव्हता.
"आता टेकडी येईल," म्हणाला, आणि सहा आलं.
"आता नाला." एकवीस.
सिस्टरनं विचारलं, पाड्याला किती वेळ?
आजवर तो सांगायचा, दोन बिड्या.
आता मी सांगितलं, ताशी अकरा, म्हणजे चाळीस मिनिटं.
"दोनच बिड्या," तो म्हणाला.

मग त्यानं इंजिन बंद केलं.
चाक हळू होत होत थांबलं. वेग शून्य.
खोली सत्तावीस पूर्णांक तीन.
"चुकलं तुझं," जात्र्या म्हणाला. "अठ्ठावीस पाहिजे."
मी तारा तपासल्या, सेटिंग उघडलं,
गाळ बसला असेल म्हणालो.
त्यानं वल्ह्याने बोट बारा-पंधरा हात बाजूला घेतली.
अठ्ठावीस पूर्णांक एक.
"ओटा लागत होता तुला," म्हणाला.
"आमचा ओटा उंच. बापाने मुद्दाम घातलेला,
पावसाळ्यात नाल्याचं पाणी चढायचं म्हणून."

सिस्टर गोळ्यांची खोकी मोजू लागल्या.
मी धोक्याची घंटा अडीच मीटरवर लावली,
चाक साफ करायचं कसं ते दाखवलं:
सेन्सर वर ओढायचा, झटकन बूच घालायचं,
तेवढ्यात ओंजळभर पाणी आत येतंच,
घाबरायचं नाही.
"एवढंच?" तो म्हणाला.

बिल बोटीवरच लिहिलं.
सेन्सर एक, पडदा एक, वायर नऊ मीटर, मजुरी.
भोकाचे पैसे लावायचे की नाही
ते ठरेना.