सत्तर अंशांवर

तिसरा जॉब भंगारात गेला, तेव्हा
दस्तगीर मिस्त्री स्टुलावरून उठले.

खोल वाटीसारखा जॉब, ॲल्युमिनियमचा,
भिंत पाऊण मिलिमीटर.
शिकंज्यात आवळला की अंडाकृती,
सैल सोडला तर कटर टेकताच अशी थरथर
की माशी बसल्यावर म्हशीची पाठ.
गती कमी केली. वाढवली.
आत सागवानी ठोकळा बसवला, तर भिंतच फाटली.
पुण्याच्या पार्टीचा फोन आला,
मी हात काळे असल्याचं निमित्त केलं.

मिस्त्री म्हणाले, "हुपरीचा आण्णू पोतदार
पोकळ वाळ्यात आधी लाख भरतोय, मग हातोडी उचलतोय.
आत कोण नसलं की वस्तू मार खाईत न्हाई, वैजूताई,
चेपती नुसती."

मग सायकलवरून घरी गेले
आणि गोणपाटात बांधून घेऊन आले
सहा राखाडी विटा.
शिरोलीचा टूलरूम बंद पडला त्या वर्षी
शेवटच्या पगाराऐवजी मागून घेतलेल्या.
बायको अजून त्यावरून बोलते, म्हणाले.
बिस्मथ, शिसं, कथील,
आणि कॅडमियम, म्हणून हातमोजे घाल, दार उघडं ठेव.

शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात डबा.
उदयमनगरच्या आमच्या गल्लीत
लोखंड पातळ करायला
भट्टी रात्रभर घुमते.
इथं तळाला बुडबुड्यांची नुसती पुरळ आली
आणि वीट एका कुशीवर कलंडली,
कोपरे विसरली,
डब्याच्या आकाराची झाली.

जॉबला आतून तेलाचं बोट फिरवलं. ओतलं. थांबलो.

बाकीचे धातू गारठताना अंग चोरतात.
हा फुगतो.
फार नाही, केसाच्या जाडीएवढा,
जिथं जिथं पोकळ आहे तिथं जाऊन टेकतो
आणि टेकून राहतो.

पुन्हा कटर लावला.
किंचाळणं नव्हतं.
नवं मांजरपाट टराटरा फाडावं
तसा एकच लांब आवाज,
आणि पायाशी साखरेसारखा चुरा.
शेजारचा मोरे वेल्डर डोकावला,
"मशीन बदललंस काय गं?"
मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

मग जॉब गरम पाण्यात.
मिनिटभर काहीच नाही.
मिनिट मोठं असतं.
काठाशी एक चकाकता थेंब आला,
त्यामागून दुसरा,
आणि आतलं सगळं ओझं काही न बोलता निसटून
तळाशी जाऊन बसलं.
त्यात आमची ट्यूबलाइट उलटी दिसत होती.
जॉब हातात घेतला, तर हाताला फसवल्यासारखा हलका.
मायक्रोमीटर लावला: पाऊण.
फिरवून लावला: पाऊण.

मी बिल करायला बसले.
माल, मशीनचे तास, घासकाम, जीएसटी.
"मिस्त्री, ह्या विटांचं काय लावू?"
"त्येचं काय लावतीस? जेवढं घातलं तेवढं परत आलंय.
वजन करून बघ की."

तळातली ढेप काट्यावर ठेवली.
बारा ग्रॅम कमी भरली.

पुन्हा ठेवली. बारा ग्रॅम.

पातेलं खरवडलं, फडकं झटकलं,
फरशीवर गुडघे टेकून बॅटरी फिरवली.
साडेआठ झाले. बाहेर मोरेनं शटर ओढलं.
मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला,
जॉब डोळ्याशी धरला, बराच वेळ धरला.

"आटं पाडल्याल्या भोकात बसलंय," म्हणाले,
"निघंना झालंय.
ठेव पाणी परत.
आणि च्या दुसऱ्या भांड्यात कर."